सागमाळच्या बाजारातली जुलेखाचाची

जुलेखाचाची माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसे. आधी हाताकडे बघे, मग बोलायला लागे, आणि बोलता बोलता कधीतरी तिची नजर वर चेहऱ्यापर्यंत पोचे. पहिल्यांदा ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली तेव्हा मी नेहमीच्या सुरात विचारलं, "काय काम आहे?" तर माझ्या मनगटाकडे बघत म्हणाली, "दोन-चार. पण हाड नाजूक आहे, दोन-दोनही चढेल."

मला काही कळेना. शेजारच्या टेबलावरचे शिंदेभाऊसाहेब हसले. "मॅडम, माप सांगतेय ती तुमचं. बांगडीचं."

मी नुकतीच बदलून आले होते. घर नाशिकला, गंगापूर रोडवर. नवरा आणि मुलगी तिथेच, आणि मी जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, डोंगरातल्या एका तालुक्याच्या कचेरीत, पुरवठा शाखेची अव्वल कारकून. कचेरीच्या खिडकीतून जी डोंगररांग दिसे तिच्या पलीकडे गुजरात. दक्षिणेला जीपने उतरत गेलं की दादरा-नगर हवेली. माझा मोबाईल दिवसातून दोनतीनदा मला गुजरातमध्ये आल्याबद्दल शुभेच्छा देई, आणि मी खुर्चीतून हललेलीही नसे. पहिले काही दिवस याचं हसू आलं. पुढे त्याच खुर्चीत बसून कळलं, की या गमतीपायी काही बायकांचं आयुष्य अडून बसलंय.

चाचीचं माहेर नामपूरचं. लग्न होऊन आमच्या तालुक्याच्या गावी आली. सासरचा धंदा बांगड्यांचा. नवरा गावात छोटं दुकान बघे, आणि ही पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आठवडे बाजार करत फिरे. मणेरीण म्हणत तिला बाजारात. साठीच्या आसपासची, उंच, काटक. डोक्यावरून पदर, पायात पुरुषी सँडल. घरात ती दखनी बोले, डोंगरात तिथल्या आदिवासींची कोकणी, पलीकडे गेली की गुजराती. माझ्याशी बोलताना शक्य तितकं शुद्ध मराठी बोलायचा प्रयत्न करी आणि तो तिला आवडत नसे. राग आला की मात्र नामपूरची अहिराणी बाहेर येई. तिच्यापुढे कुणी डोळ्यांत पाणी आणलं की ती दटावे, "कसाले रडस? काम सांग."

त्या दिवशी तिच्याबरोबर मंगल होती. अठ्ठावीस-तीस वर्षांची बाई. कचेरीच्या पाच पायऱ्या चढून आली आणि व्हरांड्यातच खाली बसली. ओठ निळसर झाले होते. चाचीने तिला पाणी पाजलं, पदराने वारा घातला आणि मग एकटीच आत आली.

"हिचं नाव रेशनकार्डावर लावायचं आहे. सासरच्या."

"माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा, लगेच लावते."

"माहेर जामनपाडा. गुजरातमध्ये."

"मग तिथून आणा."

चाची माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. कुणी सांगितलं नव्हतं, पण बसली. आणि तिने मला जे सांगितलं ते मी नंतर इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं की पाठ झालं. पलीकडची कचेरी म्हणे, लग्न झाल्याचा इकडचा दाखला आणा, मग नाव कमी करतो. इकडची ग्रामपंचायत म्हणे, आमच्याकडे या बाईच्या नावाचा कागदच नाही, दाखला कशाच्या आधारावर देऊ? आधी कार्डावर नाव लावून आणा. आणि मी म्हणत होते, आधी तिकडून कमी करून आणा. शिवाय नावं तरी एक कुठे? पलीकडे कागदावर ती मंगलीबेन लहानुभाई, इकडे मंगल काशिनाथ. दोघी एकच आहेत हे सांगणारा बाप लहानू तर वारलेला. भाऊ सिल्व्हासाला कारखान्यात, वर्षातून एकदा येणारा.

"लग्नाला किती वर्षं झाली?" मी विचारलं.

"अकरा. दोन पोरं आहेत. पोरांची नावं कार्डावर आहेत, आईचं नाही."

"इतकी वर्षं काही केलं नाही?"

"गरज नव्हती, बेटा. नवऱ्याच्या धान्यात भागायचं. आता डॉक्टर म्हणतो हिच्या हृदयाची झडप चिकटली. नाशिकला ऑपरेशन फुकट होतं, पण कार्डावर नाव पाहिजे. गुजरातमध्ये पण होतं फुकट, तिथं तिकडचं कार्ड पाहिजे. तिकडचं बापाबरोबर बंद पडलं." मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाला, वर्ष काढू नका."

मी तिला नियम सांगितला. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. तिने शांतपणे ऐकला, "बरं" म्हणाली आणि मंगलला हाताला धरून पायऱ्या उतरून गेली. मला वाटलं, संपलं. शिंदेभाऊसाहेब म्हणाले, "छे. ती परत येणार. तुम्ही अजून ओळखत नाही तिला."

आणि त्यांनी मला नाक्यावरची एक गोष्ट सांगितली. महामारीच्या पहिल्या उन्हाळ्यात सीमा बंद झाली तेव्हा सीमेवरच्या सागमाळ गावच्या रस्त्यावर बांबू आडवा बांधला होता. अलीकडे आपले पोलीस, पलीकडे त्यांचे. भाऊसाहेबांची तिथे ड्यूटी होती. पलीकडच्या पाड्यावर एक लग्न ठरलेलं. चार माणसांत उरकायचं, पण नवरीचा हात भरायचा कुणी? त्या बाजूच्या बाया जुलेखाचाचीशिवाय कुणाकडून भरून घेत नसत. चाची पेटी घेऊन नाक्यावर आली. हवालदाराने अडवलं. ती म्हणाली, "मी जात नाही पलीकडे. तू तुझं काम कर." आणि बांबूपासून हातभर अंतरावर बसली. थोड्या वेळाने पलीकडून नवरी आली, तोंडाला रुमाल बांधलेली. तीही बसली. बांबूच्या खालून तिने हात सरकवला आणि चाचीने साबणाचं पाणी लावून एकेक बांगडी भरायला सुरुवात केली. दोन्हीकडचे पोलीस एकमेकांकडे बघत उभे. कुणाला थांबवायचं तेच कळेना. तिकडे आईला, वयस्कर बाईला "बा" म्हणतात. पलीकडचा फौजदार अखेर म्हणाला, "बा, निदान लवकर आटपा." चाची म्हणाली, "घाई केली की फुटते." त्या दिवशी नवरीच्या मागोमाग तिच्या दोन बहिणींनी पण हात सरकवले, आणि भाऊसाहेब शपथेवर सांगत, की शेवटी पलीकडच्या महिला पोलिसानेही.

मग मी तिला बघायला लागले. सागमाळचा बाजार दर मंगळवारी भरे. गावही गमतीचं. वस्ती आपल्याकडे, पण बाजाराचं मैदान अर्धं आपलं आणि अर्धं त्यांचं. मधोमध गुडघाभर उंचीचा सीमेचा दगड. त्याच्यावर एक म्हातारा दर बाजारी मिरच्यांचं पोतं टेकवून ठेवी. चाची तिथेच, चिंचेखाली बसे. माझी धान्य दुकानांची तपासणी असली की मी मुद्दाम मंगळवार धरी आणि काम संपल्यावर तिच्याजवळ जाऊन बसे.

हात भरताना ती बाईला बोलतं ठेवी. "अंगठा आत घे. हात मऊ सोड. आज सकाळी काय रांधलंस ते सांग." बाई रांधल्याचं सांगता सांगता सासूचं सांगे, मग नवऱ्याचं, मग माहेरचं, आणि तोवर डझनभर बांगड्या चढलेल्या असत. एवढं सगळं तिच्या कानावर पडे, पण एका बाजारातलं दुसऱ्या बाजारात तिने कधी उघडं केलं नाही. निरोप मात्र नेई. सीमेपलीकडे दिलेल्या मुलींना आईचा निरोप, आईला मुलीचा. "बाळंत झाली, पोरगी आहे, तूप पाठव." "भाऊ दिवाळीला येतो म्हणाला." फोन आले तरी हे थांबलं नाही, कारण फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात असे.

आणखी एक गोष्ट तिची. नवरा वारला की बायकोच्या बांगड्या फोडतात. त्यासाठी कुणी बोलावलं तर ती जाई, पण फोडत नसे. साबणाच्या पाण्याने एकेक बांगडी सबंध उतरवी आणि फडक्यात बांधून त्या बाईच्याच हातात देई. घरातल्या म्हाताऱ्या कुरकुरत. ती म्हणे, "मी भरणारी आहे. फोडणारी दुसरी बघा." दुसरी कुणी मिळत नसे.

मंगलला घेऊन आली होती त्यानंतर पंधरा दिवसांनी ती परत माझ्या टेबलासमोर आली, भाऊसाहेब म्हणाले होते तशी. या वेळी एकटी.

"तीन कागद तीन ठिकाणी आहेत," ती म्हणाली. "ग्रामपंचायतीचा, तुझा आणि तिकडचा. प्रत्येक जण म्हणतो आधी दुसऱ्याकडे जा. तिघांना एका ठिकाणी बसवलं तर?"

"तशी पद्धत नाही, चाची."

"पद्धत नाही म्हणजे करू नये असं लिहिलंय, की लिहिलंच नाही?"

त्या संध्याकाळी आणि पुढचे दोन दिवस मी शासन निर्णयांच्या फायली काढून बसले. दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. बसावं असंही नव्हतं. मी मसुदा केला आणि साहेबांपुढे ठेवला. आमचे तहसीलदार भले माणूस, पण सावध. म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण मी हद्द सोडून पलीकडे जाऊन बसलो तर उद्या विचारणा होईल. आणि ते तरी हद्द सोडून इकडे का येतील?"

हे मी चाचीला सांगितलं. ती मोठ्याने हसली. "सागमाळला हद्द सोडायला कुणी सांगितलंय? दगडाच्या अलीकडे तुमचं टेबल, पलीकडे त्यांचं. टेबलाला टेबल लावा. साहेबाला खुर्चीतून उठायचं कामच नाही."

साहेबांना हे पटलं. इतकं पटलं की पुढे ते ही कल्पना आपलीच म्हणून सांगत. चाचीची त्याला हरकत नव्हती.

पलीकडच्या कचेरीला आमचं पत्र गेलं. महिनाभर उत्तर नाही. मग चाची स्वतः पत्राची प्रत घेऊन गेली. तिथले नायब मामलतदार तरुण होते. म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. ती पुढच्या महिन्यात गेली. ते दौऱ्यावर. तिसऱ्यांदा गेली तेव्हा पेटी घेऊन गेली. साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हटल्यावर तिने व्हरांड्यात पेटी उघडली. आधी झाडूवाली आली, मग दोन कारकून बायका, मग आरोग्य खात्यातल्या. दुपारच्या जेवणापर्यंत कचेरीतल्या एकूण एक बाईचा हात तिच्या हातातून गेला होता आणि प्रत्येकीला मंगलची हकिगत कळली होती. त्यातल्या एकीची मावशी आपल्याकडे दिलेली निघाली, तिचंही नाव असंच लटकलेलं. नायब मामलतदार मीटिंगमधून बाहेर आले तर त्यांच्याच कचेरीतल्या चौघी पुढे. त्यांनी तिथेच तारीख दिली.

ही गोष्ट चाचीने मला फार रंगवून सांगितली नाही. "बायांना समजलं, मग साहेबाला समजलं," एवढंच म्हणाली. बाकीचं मला पुढे त्या कचेरीतल्या बायकांकडून कळलं.

या सगळ्यात सात महिने गेले. मंगल मधून मधून दिसे. सागमाळच्या चढावर तीनदा बसावं लागे तिला. एका मंगळवारी ती मला म्हणाली, "मॅडम, माला काय वाटतं, मी मेली तर कोणच्या राज्यात मेली असं लिहितील?" ती हसत म्हणाली होती, पण चाची तिच्यावर इतकी भडकली की बांगडी भरता भरता तिचा हात सोडून दिला. "पुन्हा असं बोललीस तर मी तुझा हात भरायची नाही," म्हणाली. मग लगेच परत हातात घेतला.

ठरलेल्या मंगळवारी आम्ही सकाळी लवकर पोचलो. मिरचीवाल्याने पोतं हलवून दगड मोकळा केला होता. अलीकडे आमचं टेबल, पलीकडे त्यांचं, मध्ये वीतभर फट, आणि फटीत तो दगड. ग्रामसेवक माझ्या शेजारी. चाचीने महिनाभर प्रत्येक बाजारात सांगितलं होतं, तरी इतक्या जणी येतील असं मला वाटलं नव्हतं. कडेवर पोरं, हातात प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत कागद. कुणाची पाच वर्षांची अडचण, कुणाची वीस. काही जणी आपल्याकडून पलीकडे दिलेल्या, त्यांची उलटी गोष्ट. मंगलला नवऱ्याने मोटरसायकलवर आणून चिंचेखाली बसवलं होतं.

पहिल्याच बाईला गाडी अडली. पलीकडचे नायब मामलतदार कागद बघून म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, "इथे सखुबेन आहे, तुमच्याकडे सखाबाई. या दोघी एकच, हे कशावरून? उद्या कुणीही येऊन कुणाचंही नाव कमी करून जाईल. ओळखणारा साक्षीदार पाहिजे. माहेर आणि सासर दोन्ही माहीत असलेला."

माहेरची माणसं सगळ्यांची कुठून आणणार? कुणाचे आईबाप नव्हते, कुणाचे भाऊ कामाला गेलेले.

चाची चिंचेखालून उठली. "मी आहे साक्षीला."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. लग्नाचे हात मीच भरलेत."

नायब मामलतदार हसले. कुत्सितपणे नाही, पण हसले. "बा, एवढी लग्नं तुम्हाला आठवतात? आणि चेहरे काय, इथे सकाळपासून बघितलेच असतील. नावं विचारून ठेवली असतील."

"चेहरे नका दाखवू," चाची म्हणाली. "बायांना पदर खाली ओढायला सांगा. मी फक्त हात बघते."

हे सगळं इतकं पटकन झालं की कुणाला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. चाचीला पाठ करून उभं केलं. रांग मोडून बायकांना पुन्हा उलटसुलट बसवलं. सगळ्यांनी पदर तोंडावर घेतला आणि हात पुढे केले. आणि त्या गडबडीत पलीकडच्या साहेबांनी माझ्याकडे बघून हळूच खूण केली. मला कळलं. मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, कुणाचातरी पदर ओढून घेतला आणि रांगेत जाऊन बसले. आज वाटतं, मी चाचीच्या बाजूची असून हे का केलं? पण त्या क्षणी मलाही बघायचं होतं.

चाची खाली बसून एकेक हात हातात घेत पुढे सरकू लागली. बाजार थांबला होता. मागे पुरुष उभे, पोरं चिंचेवर चढलेली.

"ही सखू. गोपाळची, वडदांडची. करंगळी उखळात सापडली होती लहानपणी, म्हणून वाकडी." पलीकडचा कारकून यादीवर बोट फिरवत होता. मान हलवली.

"ही सीता. हिच्या लग्नात पेटी भिजली माझी, हिरव्या फुटल्या. लाल भरल्या म्हणून सासू रुसली दोन दिवस." पदराखालून कुणीतरी खुदकन हसलं. "बाप रामू. गाव वडदांडच, वरचा पाडा."

तिसऱ्या हाताशी ती थांबली. तो हात खरबरीत होता, बोटं फुगलेली. तिने तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबला. पलीकडच्या साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "हात बदलला हिचा," ती पुटपुटली. "वीटभट्टीला जाते वाटतं." मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "जमना. चंद्राची धाकटी. लग्नात रडत होती, दोन फुटल्या माझ्या हातून." पदराखालून आवाज आला, "हो चाची."

मग ती माझ्यापर्यंत आली. माझा हात तिने नुसता धरला आणि साहेबांकडे वळली. "ही माझ्या बाजारातली नाही. माहेर-सासर दोन्ही नाशिक. मनगटाला घड्याळाचा पांढरा पट्टा आहे, बोटाला शाई आहे आणि केव्हापासून सांगते तरी एक बांगडी भरून घेतली नाही. पुरवठा शाखा."

सगळा बाजार हसला. आमचे साहेब हसले, पलीकडचे हसले, मिरचीवाला म्हातारा खोकेपर्यंत हसला. मी पदर काढला तर फक्त चाची हसत नव्हती. ती पुढच्या हाताशी गेली होती.

तो हात तिने दोन्ही हातांत घेतला. त्याची नखं निळी होती. नाव सांगायच्या आधी ती साहेबांना म्हणाली, "ही मंगली. लहानूची, जामनपाड्याची. हिला बसवून ठेवू नका साहेब. हिचं आधी करा."

नायब मामलतदार उठून उभे राहिले. त्यांनी आपल्या कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं, "लखो. बा जे बोलतील ते लखो." आणि स्वतः पेन घेऊन मंगलचा कागद पुढे ओढला. तिकडे नाव कमी झाल्याची सही झाली, ग्रामसेवकाने दाखल्यावर शिक्का मारला, तो कागद दगडावरून आमच्या टेबलावर आला आणि मी मंगल काशिनाथ हे नाव कार्डावर चढवलं. अकरा वर्षांचं काम. शाई वाळायच्या आत झालं.

त्यानंतर दिवसभर कुणी कुणाला अडवलं नाही. ऊन उतरेपर्यंत आम्ही लिहीत होतो. शेवटी शेवटी दोन्हीकडचे कारकून एकमेकांच्या टेबलावरचे शिक्के चुकून उचलत होते. चाची मध्ये बसून होती, घसा बसलेला, पण एकही हात तिने न धरता सोडला नाही. तिला दोन जणी ओळखता आल्या नाहीत, आणि तिने तसं स्पष्ट सांगितलं. त्यांचे हात भलत्याच कुणी भरले होते. त्यांच्यासाठी दुसरे साक्षीदार शोधले.

मंगलचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात नाशिकला झालं. आदल्या दिवशी मी रजा काढून गेले. नर्सने सांगितलं, हातात काचेची बांगडी चालणार नाही. मंगल रडकुंडीला आली. नवरा जिवंत असताना रिकामा हात, आणि तोही अशा दिवशी. तेवढ्यात चाची वॉर्डात शिरली. पहाटेची एसटी धरून आली होती. कुणी काही सांगायच्या आत तिने साबण मागितला. एकेक बांगडी उतरवून पलंगावर ठेवत गेली. "काढतेय. फोडत नाही. मोज, बारा आहेत. ह्याच परत भरायच्या आहेत, हरवू नकोस." मंगल मोजायला लागली. बारा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं तेव्हा चाची व्हरांड्यात बाकावर बसली होती, बांगड्यांचं पुडकं मांडीवर घेऊन. डॉक्टर बाहेर येऊन "व्यवस्थित झालं" म्हणाले तेव्हा तिने एकदा डोळे मिटले आणि मला म्हणाली, "बेटा, चहा पाज. सकाळपासून काही खाल्लं नाही."

मग हात पुढे करून म्हणाली, "आणि आता आण तुझा हात." हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, चहाच्या टेबलावर, तिने माझ्या हातात दोन-दोनच्या सहा बांगड्या भरल्या. चढल्या.

सागमाळची टेबलं पुढच्या वर्षीही लागली. त्याच्या पुढच्या वर्षी ती तीन झाली. दादरा-नगर हवेलीकडच्या कचेरीने विचारणा केली होती, आमच्याही बायका अडकल्यात, येऊ का? ते पाहुणे म्हणून आमच्या बाजूला बसले. आता साक्षीला गावागावातल्या इतर बाया येतात, चाचीने त्यांना तयार केलंय. पण पलीकडचे अधिकारी बदलले तरी नवा आलेला पहिल्यांदा तिलाच बघायला येतो.

माझी बदली होऊन मी नाशिकला परत आले, त्याला आता वर्ष झालं. निघायच्या आधीच्या मंगळवारी सागमाळला गेले होते. निरोप घ्यायचा म्हणून. बाजार उठत होता. चाचीला त्या संध्याकाळी पलीकडच्या पाड्यावर एका लग्नाचे हात भरायचे होते, त्यामुळे बोलणं असं फार झालं नाही. तिने माझ्या हातातल्या बांगड्या फिरवून बघितल्या, एक तडकलेली होती ती काढून दुसरी घातली आणि "नाशिकला हात रिकामा ठेवू नकोस" म्हणाली. मग निघाली.

दगडाच्या पलीकडून पायवाट चढाने वर जाते. मी जीपजवळ उभी राहून बघत होते. पेटी मंगलच्या डोक्यावर होती. एक हात पेटीला, दुसरा मोकळा हलवत ती सपासप चढत होती, आणि चढता चढता मागे वळून न बघता काहीतरी सांगत होती, बहुधा पोराच्या शाळेचं. चाची दहा पावलं मागे पडली होती. गुडघ्यावर हात ठेवून थांबली.

"मंगले, हळू की जरा," ती वर बघून ओरडली. "म्हातारीला दम लागलाय."

"वर या चाची, वर सावली हाय," वरून आवाज आला.

चाचीने कमरेवर हात ठेवले आणि तशीच उभी राहून वर बघत राहिली. एवढ्या लांबूनही मला दिसलं की ती हसते आहे. मग सँडल झटकून ती चढायला लागली.